इंजिनावरचा तेलाचा थर: आधी तो नीट बघा, मग धुवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षं वापरलेली, एअर-कूल्ड इंजिनाची मोटरसायकल. इंजिनाच्या पोटाखाली, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरभोवती आणि ब्लॉकच्या फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) काळा, चिकट थर साचलाय. कपडे धुण्याची पावडर आणि तारेचा ब्रश घेऊन घासून पाहिलं, थोडं निघालं, पण कव्हरवर ओरखडे उमटले. आता पेट्रोलने धुवावं की डिझेलने? कॉस्टिक सोडा चालेल का? प्रेशरचं पाणी मारलं तर काही बिघडेल का? आणि एवढं सगळं करून महिन्याभरात पुन्हा तसंच होणार असेल तर मुळात करायचंच कशाला?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सगळ्याचं उत्तर त्यात दडलंय. तेल बाहेर का आलं हे न समजता इंजिन धुतलं, तर महिन्याभरात ते पुन्हा तसंच होणार. शिवाय धुताना तेल कुठून आलं याचा मागही पुसला जातो, आणि पुढच्या वेळी शोधायला तुमच्याकडे काही उरत नाही. माझ्याकडे एखादी तेलकट गाडी आली की मी फडका हातात घ्यायच्या आधी टॉर्च घेतो. पाच-दहा मिनिटं नुसता बघतो. ती पाच-दहा मिनिटं पुढे दोन-तीन तासांचं काम वाचवतात.

बघायचं काय? गाडी चालताना तेल दोनच दिशांना जातं: वजनाने खाली आणि वाऱ्याने मागे. त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय ती जागा म्हणजे तेलाचा शेवटचा मुक्काम. ते निघालं कुठून हे शोधायचं असेल तर सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. ड्रेन बोल्टवर, म्हणजे तेल काढायच्या खालच्या बोल्टवर, थेंब दिसला म्हणून लोक ड्रेन बोल्ट आवळत सुटतात, आटे घालवून बसतात, आणि तेल प्रत्यक्षात वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या) रबरातून ओघळून खाली आलेलं असतं. टॅपेट कव्हरचा सांधा, हेड (ब्लॉकच्या वरचा भाग) आणि ब्लॉकमधली फट, ब्लॉक आणि क्रँककेसमधली (ब्लॉकखालच्या पेटीमधली) फट, क्लच कव्हरची कड, मॅग्नेट कव्हरची कड, गिअर लिव्हरचा दांडा बाहेर येतो ती जागा, पुढचं स्प्रॉकेट बसतं त्या शाफ्टभोवतीचं सील (तेल अडवणारी रबरी कडी), न्यूट्रल स्विच, ऑइल फिल्टरचं झाकण, आणि मग ड्रेन बोल्ट. याच क्रमाने वरून खाली या.

थर कसा आहे तेही बघा. सगळा काळा चिकटा एकाच जातीचा नसतो. स्प्रॉकेटच्या कव्हरभोवतीचा थर बोटाने दाबला तर डांबरासारखा दबतो, चिमटीत चोळला तर वाळू कचकचते, आणि लाकडी पट्टीने खरवडला तर गोळ्यागोळ्यांनी सुटतो. हे बहुतेक वेळा इंजिनाचं तेल नसतंच. चेनला लावलेलं वंगण स्प्रॉकेटवरून वळताना उडतं, कव्हरच्या आत साचतं, त्यात धूळ मिसळते. नऊ वर्षांत कव्हर एकदाही उघडलं नसेल तर आत मूठभर तरी निघतं. इंजिनाचं तेल वेगळं दिसतं. ते पातळ असतं, वरून धुळीची मखमलीसारखी साय येते आणि ती बोटाने सरकवली की खाली तपकिरी ओल चमकते. फिन्सवर हेडच्या जवळ मधासारखा पिवळट ते गडद तपकिरी, नखाने न निघणारा जो राप असतो, ते तेल उष्णतेने भाजून वार्निशसारखं झालेलं असतं. कार्ब्युरेटरखाली कोरडा पिवळसर डाग आणि पेट्रोलचा वास असेल तर तिथे तेलाचा संबंध नाही, फ्लोटची सुई किंवा बाऊलचं रबर बघावं लागेल. पुढच्या फोर्कच्या नळीवर ओलसर रेघ असेल तर फोर्कचं ऑइल वाऱ्याने उडून इंजिनाच्या पुढच्या भागावर बसतंय आणि दोष इंजिनावर चाललाय. आणि कुठे रंगाला फोड आले असतील किंवा रंग मऊ पडला असेल तर ब्रेक फ्लुइड सांडलंय का ते आधी पाहा. नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ फ्लुइड रंग खातं, ते लगेच पाण्याने धुवायचं असतं.

एक जागा बहुतेक जण बघत नाहीत: ब्रीदरचा पाइप. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडायला इंजिनातून एक रबरी नळी एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. तेल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल, किंवा पिस्टन रिंगा झिजून दाब क्रँककेसमध्ये उतरत असेल, तर या नळीतून तेलाचा फवारा डब्यात जातो आणि तिथून खाली ठिबकतो. म्हणून धुण्याआधी तेलाची पातळी तपासा. गाडी सपाट जागेवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नको. काही गाड्यांत दांडी नुसती टेकवून मोजायची असते, काहींत आटे फिरवून. आपल्या गाडीचं काय ते पुस्तिकेत बघून घ्या, कारण त्यात चूक झाली की लोक बरोबर असलेल्या तेलात आणखी ओततात.

हे सगळं बघून झालं की मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. मग धुवायला घ्या.

आता द्रावणांबद्दल. पेट्रोल नको. हे मी ठासून सांगतोय कारण अजूनही चांगली चांगली माणसं ट्रेमध्ये पेट्रोल ओतून ब्रशने इंजिन घासताना दिसतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे नेहमीच्या हवेत ती कायम तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत दूर जाते. मी काम शिकत असताना शेजारच्या गाळ्यात असाच ट्रे ठेवला होता. कुणीतरी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बॅटरीची वायर जोडली, ठिणगी उडाली आणि जमिनीवरून आग धावत ट्रेपर्यंत आली. ट्रेजवळ बसलेल्या मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या दिवसापासून माझ्याकडे धुण्यासाठी पेट्रोल वापरू देत नाही. तसंही ते या कामाला फारसं चांगलं नाही. ते इतक्या लवकर उडून जातं की सुटलेली घाण वाहून जायच्या आत पुन्हा तिथेच बसते.

डिझेल थर सोडवतं, पण मागे स्वतःचा तेलकट पापुद्रा ठेवतं आणि त्यावर आठवड्याभरात धूळ बसते. रॉकेल या दोघांच्या मधलं. चिकटा चांगला विरघळवतं, कामाला वेळ देतं, पेट्रोलइतक्या सहज पेट घेत नाही. पण रॉकेलची वाफसुद्धा साधारण ३८ अंशांच्या वर पेट घेऊ शकते, आणि गरम सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून इंजिन थंड झालेलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, मोकळी हवा आणि जवळपास ज्योत नाही, एवढं पाळूनच रॉकेल वापरा. बाजारात मिळणारे पाण्यात मिसळणारे डिग्रीझर (तेलकट घाण सोडवणारी द्रावणं) सगळ्यात सोयीचे, फक्त डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं हवं.

ते का, हे कॉस्टिक सोड्याच्या प्रश्नातून कळेल. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, तोच धातूचं रक्षण करतो. कॉस्टिक सोडा तो पापुद्रा विरघळवतो आणि मग खालच्या धातूला खायला लागतो. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, पृष्ठभाग काळा-राखाडी पडतो. मी नवखा असताना एक क्लच कव्हर गरम पाण्यात कॉस्टिक घालून बुडवलं होतं. तेल निघालं, पण दोन-तीन मिनिटांत कव्हर काळंठिक्कर पडलं आणि पॅकिंग (दोन भागांमधून तेल बाहेर येऊ न देणारा पातळ थर) बसते ती कड खडबडीत झाली. ते कव्हर पुन्हा कधी नीट बसलं नाही, बदलावं लागलं. ओव्हन साफ करायचे फवारे, डिशवॉशरची पावडर यांतही तीव्र क्षार असतात, तेही नकोत. आम्लाची बाजूही तितकीच वाईट: टॉयलेट किंवा फरशी साफ करायचं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं आणि त्याच्या वाफेने आजूबाजूचे नट-बोल्ट गंजतात. कपडे धुण्याच्या पावडरीत बहुधा धुण्याचा सोडा असतो. तुम्ही एकदा वापरून स्वच्छ पाण्याने धुतलं असेल तर काळजीचं कारण नाही, पण नेहमीची सवय केलीत तर कव्हरची चमक उतरत जाईल. थिनर आणि ॲसिटोन तेल काढतात, पण सोबत इंजिनाचा रंग आणि कव्हरवरचा पारदर्शक लॅकरही काढतात.

ब्रेक क्लीनर अगदी थोड्या जागेसाठी चांगला. त्यातले काही प्रकार क्लोरिनयुक्त असतात. ते मारलेल्या जागी नंतर वेल्डिंग केलं किंवा ज्योत लागली तर फॉसजीन नावाचा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. सायलेन्सरचा ब्रॅकेट वेल्ड करायचा असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.

तारेच्या ब्रशबद्दल: पोलादी तार ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असते. ओरखडे तर येतातच, शिवाय लोखंडाचे बारीक कण धातूत रुतून राहतात आणि पहिल्या पावसानंतर तिथे गंजाचे ठिपके उमटतात. नायलॉनचा ब्रश घ्या, फारच हट्टी जागेला पितळेचा. माझं आवडतं हत्यार म्हणजे रंगकामाचा जुना ब्रश, ज्याचे केस कात्रीने अर्धे कापलेत. लांब केस नुसते लोळतात, आखूड केले की ताठ होतात, कोपऱ्यात शिरतात आणि ओरखडा मात्र उठवत नाहीत. फिन्समध्ये ब्रश जात नाही तिथे सुती कापडाची लांब पट्टी रॉकेलमध्ये भिजवून फटीतून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून बुटाला पॉलिश करतो तशी मागेपुढे ओढायची. खरवडायला लाकडाची पट्टी, टोक चपटं तासलेलं. स्क्रू ड्रायव्हर नको, विशेषतः पॅकिंगच्या कडांजवळ तर अजिबात नको. तिथे पडलेली एक चीर पुढे तेलाची वाट होते.

कामाला सुरुवात करताना इंजिन कोमट असावं. हात आरामात ठेवून राहता येईल इतपत. गरम इंजिनावर डिग्रीझर मारला तर तो लगेच सुकून डाग पाडतो, आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर धातूला झटका बसतो. अगदी गार इंजिनावर थर घट्ट बसलेला असतो, मेहनत वाढते. रॉकेल वापरणार असाल तर कोमटही नको, पूर्ण गार होऊ द्या. गाडी सावलीत उभी करा. डबल स्टँड असेल तर त्यावर.

मग झाकाझाक. सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबून रबर लावा. एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड, इग्निशनचं कुलूप आणि उघडी दिसणारी वायरींची जोडणी झाका. प्लगची टोपी घट्ट बसलेली आहे ना ते दाबून बघा, ती काढू नका. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर प्लास्टिकने गुंडाळा. रॉकेलचे चार शिंतोडे पॅडवर गेले तर पॅड ते शोषून घेतात आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागत नाही. पॅड एकदा तेल प्यायले की ते बदलणंच शहाणपणाचं. टायरचंही तसंच, त्यांच्यावर काही उडालं तर लगेच साबणाने धुवा.

पहिलं काम कोरडंच करायचं. स्प्रॉकेटचं कव्हर दोन-तीन बोल्टांवर असतं. ते काढताना एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड भोकात घातला की आतला भाग फुटतो, आखूड बोल्ट लांब भोकात गेला की दोन आट्यांवर लटकतो आणि ते आटे घेऊन निघतो. कव्हर निघालं की आतला काळा लगदा लाकडी पट्टीने खरवडून जुन्या कागदावर घ्या. द्रावण ओतायची घाई करू नका. आधी लगदा काढला नाही तर द्रावणाने तो पातळ होऊन सगळ्या इंजिनभर पसरतो आणि एका जागेची घाण दहा जागी जाते. हे करताना स्प्रॉकेटमागच्या शाफ्टच्या सीलकडे नीट बघा. सीलभोवती चकचकीत ओल असेल तर तुमचं एक उत्तर तिथेच मिळालं. काही इंजिनांत क्लच दाबणारा दांडा याच बाजूने बाहेर येतो, त्याच्याभोवतीही छोटं सील असतं. तेही बघा.

आता द्रावण. डिग्रीझर असेल तर खालून वर लावत जा. वरून लावला तर ओघळ खाली कोरड्या भागावर आधी सुकतात आणि त्यांच्या रेघा राहतात. पाच ते दहा मिनिटं राहू द्या, सुकू मात्र देऊ नका, सुकतोय वाटलं तर पुन्हा फवारा मारा. मग ब्रशने घासा आणि वरून खाली पाण्याने धुवा.

रॉकेल वापरत असाल तर इथे एक गोष्ट आहे जी न कळल्यामुळे लोक म्हणतात की रॉकेलने धुतलेलं इंजिन तेलकटच राहतं. रॉकेल तेलाला सोडवतं, पण पाणी रॉकेलला घेऊन जात नाही. दोघांना जोडणारं मध्ये काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे साबण. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून रॉकेलने घासून झाल्यावर लगेच पाणी मारायचं नाही. भांडी घासायचा द्रव साबण पाणी न घालता, तसाच, रॉकेलने ओल्या असलेल्या भागावर ब्रशने चोळायचा. दोन-तीन मिनिटं चोळत राहिलात की काळपट, दाटसर लगदा तयार होतो. आता पाणी सोडा. तो लगदा दुधासारखा पांढरट होऊन वाहायला लागेल आणि मागे धातू कोरडा, करकरीत लागेल. पाणी आधी आणि साबण नंतर असा क्रम उलटा केलात तर हे होत नाही. मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एक अर्धं कव्हर या क्रमाने आणि अर्धं उलट्या क्रमाने धुवायला लावतो, मग पुन्हा सांगावं लागत नाही.

फिन्सवरचं भाजलेलं वार्निश एका फेरीत जाणार नाही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या फिन्सवर घालून काही तास ठेवा, मग पितळी ब्रश. दोन-तीन फेऱ्यांत जेवढं निघेल तेवढं काढा. फिन्सना रंग असेल तर त्यापुढे हात आवरा, कारण वार्निशबरोबर रंगही यायला लागतो. एक-दोन तपकिरी डाग राहिले तर इंजिनाचं काही बिघडत नाही. फिन्सच्या मधल्या फटी मोकळ्या होणं महत्त्वाचं, कारण तिथे चिखल आणि तेलाचा थर बसला की हवा धातूला लागत नाही आणि ब्लॉकची उष्णता अडकून राहते. एअर-कूल्ड गाडीत ही सफाई दिखाव्यापलीकडची आहे.

प्रेशरच्या पाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाला बागेचा साधा नळ पुरतो. बेअरिंगची आणि शाफ्टची सीलं आतलं वंगण आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवण्यासाठी असतात. जवळून मारलेली पाण्याची धार अडवण्यासाठी ती केलेली नसतात. धार त्यांच्या ओठाखालून पाणी आत ढकलते. चाकांची बेअरिंग, हँडलची बेअरिंग, स्विंगआर्म, वायरींचे जोड, सगळीकडे हे होतं, आणि परिणाम दोन महिन्यांनी कळतो, तेव्हा धुण्याची आठवणही राहिलेली नसते. रेडिएटर असलेल्या गाडीत जाळीच्या पात्याही वाकतात. वापरायचंच असेल तर नोझल पसरट करा, हातभर लांबून मारा आणि सील, जोड, कार्ब्युरेटर टाळा.

धुऊन झाल्यावर वाळवण्याला लोक फार कमी वेळ देतात. ब्लोअर असेल तर फिन्स, जोड, प्लगचा खड्डा हे सगळं फुंकून काढा. अनेक इंजिनांत प्लग ज्या खड्ड्यात बसतो त्यातलं पाणी निघून जायला हेडमध्ये बारीक भोक असतं. नऊ वर्षांत ते मातीने बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. बारीक तार घालून मोकळं करा. पाणी साचून राहिलं तर स्पार्क टोपीतून बाहेर पळतो आणि गाडी धक्के देते. प्लग काढायचा असेल तर खड्डा फुंकून स्वच्छ केल्यावरच काढा, नाहीतर तिथली वाळू सरळ सिलेंडरमध्ये पडेल.

चालू करायच्या आधी सायलेन्सरमधली पिशवी काढलीत ना, आणि एअर फिल्टरचं तोंड उघडलंत ना, हे तपासा. बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर) राहिलेले तेलाचे हात-ठसे कोरड्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, नाहीतर ते तापून कायमचे उमटतील. इंजिन आठ-दहा मिनिटं चालू ठेवा. थोडा धूर येईल, राहिलेला तेलाचा अंश जळतो. काही मिनिटांत तो थांबायला हवा. थांबला नाही तर कुठूनतरी नवं तेल पाइपवर पडतंय. चेनवरचं वंगण धुण्यात गेलेलं असतं, ते पुन्हा लावा, बेताचं लावा, आणि रस्त्यावर निघण्याआधी हळू वेगात दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा.

आता खरं फळ घ्यायची वेळ. इंजिन स्वच्छ आणि कोरडं आहे. ज्या सांध्यांवर तुमचा संशय आहे तिथे टाल्कम पावडर कापसाने हलक्या हाताने टेपून लावा. पांढरा पातळ पडदा दिसेल इतकीच. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणा, उभी करा, टॉर्च घ्या. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट करड्या, ओल्या रेघेसारखी उमटलेली दिसेल आणि ती रेघ वर जिथे सुरू होते ती तुमच्या गळतीची जागा. एकदा मी एका गाडीचं ब्लॉकखालचं पॅकिंग बदलायच्या तयारीत होतो. सगळी लक्षणं तीच होती. पावडर लावली तर रेघ टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यापासून सुरू होऊन फिनच्या मागून खाली उतरलेली निघाली. पूर्ण इंजिन उतरवायचं काम एका रबराच्या रिंगवर निभावलं.

सांधा सापडला की आधी बोल्ट बघा. कव्हरचे बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच जोर लागतो, म्हणजे आखूड पाना आणि मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत जा. बसत नसेल तर जोर वाढवून गळती थांबत नाही, ॲल्युमिनियममधले आटे जातात. पॅकिंग बदला. वरून सिलिकॉन फासून गळती दाबणं मला पटत नाही. आतल्या बाजूने बाहेर आलेला सिलिकॉनचा तुकडा सुटतो, तेलाबरोबर फिरतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. बाहेर थेंब थांबतो आणि आत तेल कमी पोहोचतं. ड्रेन बोल्टचा वॉशर मऊ धातूचा असतो आणि एकदाच नीट दबतो, तेल बदलताना तोही नवा घाला. वॉटर-कूल्ड इंजिनात वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं, त्यातून थेंब आला तर भोक बुजवू नका. दोन सीलांच्या मधली ती जागा मुद्दाम ठेवलेली असते: तेल आलं तर तेलाकडचं सील गेलं, कूलंट आलं तर पाण्याकडचं.

किती गळती चालेल? सांध्यावर महिनोन्महिने नुसती ओल धरून धूळ चिकटत असेल, जमिनीवर थेंब नसेल, तर नजर ठेवा आणि पातळी तपासत राहा, पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी पॅकिंग बदला. जमिनीवर रोज थेंब, सायलेन्सरवर तेल, किंवा मागच्या टायरच्या वाटेत तेल येत असेल तर गाडी तशी चालवू नका. टायरवरचं तेल कळतं ते वळणावरच.

हातमोज्यांचं शेवटी सांगतोय पण घालायचे पहिल्यापासून. नायट्राइलचे घ्या, साधे लॅटेक्सचे रॉकेलमध्ये फुगून फाटतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणातून आलेली पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स साठत जातात, त्यातली काही कर्करोगकारक आहेत, आणि ती त्वचेतून आत जातात. माझ्या आधीच्या पिढीतल्या कारागिरांचे हात मी पाहिलेत, कायम भेगाळलेले. रॉकेलनेच हात धुवायची त्यांची पद्धत होती, ती सोडा.

घासताना खाली ट्रे ठेवा म्हणजे काळं रॉकेल जमिनीत किंवा गटारात जाणार नाही. ते झाकणाच्या बरणीत दोन दिवस ठेवलंत की गाळ तळाशी बसतो, वरचं बऱ्यापैकी निवळ रॉकेल चेन धुवायला परत वापरता येतं. उरलेला गाळ जुन्या इंजिन ऑइलबरोबर, ते गोळा करणाऱ्याकडे द्या. तेलकट फडके झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज: स्प्रॉकेटकडचा थर चेनच्या वंगणाचा, आणि फिन्समधला टॅपेट कव्हरच्या रबरातून आलेल्या तेलाचा. नऊ वर्षांत ते रबर कडक होतंच. काढलंत तर नखाने दाबून बघा. नख रुतून खूण परत भरून आली तर रबर जिवंत आहे, आणि प्लास्टिकसारखं कडक लागलं किंवा वाकवल्यावर कडेला चिरलं तर पावडरची वाट न बघता तेच आधी बदला.